पगार वाढवला, बक्षीस दिलं, तरी मन का लागत नाही? : ‘प्रेरणा’ मोजण्याची गोष्ट

तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिसच्या तयारीत आहेत. पेट झाली, कोर्सवर्क सुरू आहे आणि गाईड विचारतायत, “विषय काय ठरवला?” कॉम्प्युटर आणि मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांकडून एक विषय मला हमखास ऐकायला मिळतो : ‘आयटी कंपन्यांमधल्या डेव्हलपर्सच्या प्रेरणेचा अभ्यास’. ऐकायला सोपा वाटतो. प्रश्नावली करायची, दोनशे जणांकडून भरून घ्यायची, सरासरी काढायची आणि शेवटी ‘कंपनीने कर्मचाऱ्यांचं वेळोवेळी कौतुक करावं’ अशी शिफारस लिहायची.

मीसुद्धा अगदी हेच करायला निघाले होते. ते कसं फसलं ते पुढे सांगतेच. त्याआधी हा प्रश्न माझ्याकडे कुठून आला ते सांगते, कारण संशोधनाचा प्रश्न कुठून येतो यावर तो किती काळ तुमच्यासोबत टिकेल हे बरंच अवलंबून असतं.

पीएचडीला येण्याआधी मी पुण्यात एका कंपनीत साडेतीन वर्षं काम केलं. परदेशातल्या एका विमा कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायचं काम होतं. टिकेट यायचं, बग शोधायचा, दुरुस्त करायचा, टिकेट बंद करायचं, की पुढचं टिकेट. टीममध्ये एक सीनियर होता, आम्ही त्याला दादा म्हणायचो. कोणाचंही काही अडलं की त्याच्याच खुर्चीमागे गर्दी. एका अप्रेझलमध्ये त्याला टीममध्ये सगळ्यात जास्त पगारवाढ मिळाली. दोन महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. मॅनेजर म्हणाले, “अजून किती हवेत ते सांग.” दादा म्हणाला, “पैशाचं नाही सर. तीन वर्षं मी काय केलं हे घरी सांगायला मला एक वाक्य सापडत नाही.”

त्या वाक्यामुळे मी या विषयात आले. आता बघूया, संशोधन त्याबद्दल काय म्हणतं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ते जे म्हणतं ते कशाच्या आधारावर म्हणतं.

आधी तीन शब्द वेगळे करा

बोलताना आपण ‘मोटिवेटेड आहे’, ‘खूश आहे’ आणि ‘भरपूर काम करतो’ हे तिन्ही एकाच अर्थाने वापरतो. संशोधनात ही तीन वेगवेगळी चलं आहेत.

समाधान म्हणजे माणूस आपल्या नोकरीबद्दल एकंदरीत किती खूश आहे. प्रेरणा म्हणजे समोरच्या कामाकडे तो किती ओढला जातो, त्यात किती गुंततो, अडचण आली तरी किती वेळ टिकून राहतो. आणि कृती म्हणजे बाहेरून दिसतं ते : किती तास बसला, किती कोड लिहिला, किती टिकेटं बंद केली.

ही तिन्ही एकमेकांपासून सुटी असू शकतात. ऑफिस घराजवळ, मॅनेजर चांगला, शनिवार-रविवार मोकळा, म्हणून समाधानी असलेला माणूस कामात अजिबात गुंतलेला नसेल. उलट, रात्री दोनपर्यंत एका बगच्या मागे लागलेली मुलगी कामाने झपाटलेली असेल आणि त्याच वेळी कंपनीवर वैतागलेली. फ्रान्सा, शार्प आणि दा सिल्व्हा यांनी २०१४ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर्सवरच्या अभ्यासातून हाच फरक मांडला : प्रेरित इंजिनिअर गुंतलेला आणि एकाग्र दिसतो, समाधानी इंजिनिअर आनंदी दिसतो.

म्हणजे तुमच्या प्रश्नावलीत ‘मी माझ्या नोकरीत खूश आहे’ असं विधान असेल आणि प्रबंधाच्या शीर्षकात ‘प्रेरणा’ असेल, तर तुम्ही एक गोष्ट मोजून दुसरीबद्दल बोलताय. व्हायव्हामध्ये पहिला प्रश्न इथेच येतो.

प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर ठरतं

फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं पुस्तक १९५९ साली आलं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर्स आणि अकाउंटंट्सच्या त्यांनी मुलाखती घेतल्या. प्रश्न साधा होता : कामाबद्दल खूप छान वाटलं असा एखादा प्रसंग सांगा, आणि खूप वाईट वाटलं असाही एक सांगा.

छान प्रसंगांमध्ये पुन्हा पुन्हा आलं ते यश, कौतुक, खुद्द काम आणि जबाबदारी. वाईट प्रसंगांमध्ये आलं कंपनीचं धोरण, वरिष्ठांची देखरेख, कामाची परिस्थिती. यावरून हर्झबर्ग यांनी मांडलं की दोन प्रकारचे घटक असतात. एक प्रकार बिघडला की माणूस नाराज होतो, पण तो सुधारला म्हणून प्रेरित होत नाही. पगार त्यांनी मुख्यतः याच गटात टाकला. दुसरा प्रकार कामाच्या आतला असतो आणि खरी प्रेरणा तिथून येते.

दादाच्या गोष्टीला हे अगदी फिट्ट बसतं, नाही का? मलाही तसंच वाटलं आणि मी सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात दोन पानं हर्झबर्गवर लिहून टाकली. गाईडनी समासात एकच शब्द लिहिला : “पद्धत?”

त्याचा अर्थ मला नंतर कळला. माणसाला चांगला प्रसंग विचारला की तो श्रेय स्वतःला देतो : मी मेहनत केली, मला जमलं. वाईट प्रसंग विचारला की दोष बाहेर जातो : धोरणच वाईट, साहेबच तसे. आपल्या घरातही बघा, मुलगा पास झाला तर त्याची हुशारी आणि नापास झाला तर पेपर अवघड. मग हर्झबर्ग यांना सापडलेले दोन गट खरोखर प्रेरणेचे आहेत, की माणसाच्या सांगण्याच्या सवयीचे? व्हिक्टर व्रूम यांनी १९६४ मध्ये हीच शंका काढली होती. वेगळ्या पद्धतीने अभ्यास केल्यावर हे दोन गट पुष्कळदा इतके स्वच्छ वेगळे पडले नाहीत.

हर्झबर्ग म्हणून टाकाऊ ठरत नाहीत. काम स्वतःच प्रेरणा देऊ शकतं, हा विचार त्यांच्यामुळे केंद्रस्थानी आला. पण एखादा सिद्धांत आपल्या अनुभवाला फिट्ट बसला की तिथेच जरा थांबून पद्धत तपासायची, हे मी तेव्हा शिकले.

कामाच्या रचनेचं गणित

पुढचा टप्पा हॅकमन आणि ओल्डहॅम यांचा, १९७५-७६ चा. ‘काम प्रेरणा देतं’ एवढं म्हणून भागणार नाही, कामातलं नेमकं काय, हे त्यांनी विचारलं. त्यांनी पाच वैशिष्ट्यं सांगितली : कामात लागणाऱ्या कौशल्यांची विविधता, कामाची अखंडता, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक पूर्ण गोष्ट आपल्या हातून होते का, कामाचं महत्त्व, म्हणजे कोणाच्या आयुष्यात त्याने फरक पडतो का, स्वायत्तता, आणि अभिप्राय, म्हणजे काम नीट झालं की नाही हे कामातूनच कळतं का.

प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायचे. पहिल्या तिन्हींची सरासरी काढायची, तिला स्वायत्ततेने गुणायचं, मग अभिप्रायाने गुणायचं. आमच्या टिकेटांच्या कामाला लावून बघू. विविधता ६ (जुन्या कोडमध्ये रोज नवं काहीतरी निघायचं), अखंडता २, महत्त्व ५, स्वायत्तता २, अभिप्राय ६. पहिल्या तिघांची सरासरी ४.३३. गुणिले २, गुणिले ६, म्हणजे ५२. जास्तीत जास्त येऊ शकतात ३४३.

आता समजा कंपनीने नवं तंत्रज्ञान शिकवलं आणि विविधता ६ वरून ७ झाली. उत्तर येतं ५६. फारसं काही हललं नाही. पण ‘टिकेट कोणत्या क्रमाने घ्यायचं आणि दुरुस्ती कशी करायची हे टीमने ठरवावं’ असं म्हणून स्वायत्तता २ वरून ५ वर नेली, तर ५२ चे थेट १३० होतात. ट्रेनिंगवर पैसा ओतूनही लोक थंड का राहतात, याचं एक शक्य कारण तुम्हाला इथे दिसेल.

‘शक्य’ म्हणतेय, कारण या गुणाकारावरही प्रश्न उठले. नंतरच्या विश्लेषणांत दिसलं की पाचांची साधी बेरीजही परिणामांचा अंदाज गुणाकाराइतकाच, किंबहुना जास्तच चांगला देते. म्हणजे पाच वैशिष्ट्यांची कल्पना टिकली, सूत्र डळमळलं. तुमच्या प्रबंधात हे मॉडेल वापरलंत तर दोन्ही पद्धतीने गणित करून दाखवा. परीक्षकांच्या नजरेत तेवढ्यानेही तुमचं वजन वाढेल.

याच मॉडेलवरून कूगर आणि झावाकी यांनी संगणक क्षेत्रातल्या लोकांचा अभ्यास केला आणि १९८० मध्ये पुस्तक लिहिलं. इतर व्यवसायांच्या तुलनेत या लोकांना वाढीची, नवं शिकण्याची गरज जास्त आणि लोकांत मिसळण्याची गरज कमी, असं त्यांना आढळलं. ‘प्रोग्रामर एकलकोंडा असतो’ या समजुतीला त्यातून बळ मिळालं. पण तो काळ मोठाल्या संगणकांचा होता. आजचा डेव्हलपर सकाळी स्टँडअप मीटिंग, दुपारी कोड रिव्ह्यू आणि संध्याकाळी क्लायंट कॉल यात असतो. १९८० चा निष्कर्ष आज तसाच उचलून लिहायचा का, हा स्वतःच एक संशोधन प्रश्न आहे.

बक्षीस दिलं की काय होतं?

एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये २४ विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. तीन बैठका होत्या. दुसऱ्या बैठकीत निम्म्या मुलांना सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला, उरलेल्यांना काहीच नाही. तिसऱ्या बैठकीत कोणालाच पैसे नाहीत. प्रत्येक बैठकीत मध्येच डेसी काहीतरी कारण काढून खोलीबाहेर जायचे, आणि त्या मोकळ्या वेळात मुलं आपणहून कोडी सोडवतात की मासिकं चाळतात, ते बघितलं जायचं. पैसे मिळून बंद झालेल्या गटाची आपणहून खेळण्याची ओढ कमी झाली.

प्रयोग छोटा होता, म्हणून वाद पेटला. १९९४ मध्ये कॅमेरॉन आणि पिअर्स यांनी बरेच अभ्यास एकत्र करून म्हटलं की नुकसान फारसं नाहीच. १९९९ मध्ये डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ प्रयोगांचं विश्लेषण करून उत्तर दिलं : ‘हे केलंस तर ते देईन’ अशा आधी कबूल केलेल्या वस्तुरूप बक्षिसाने, मुळात आवडणाऱ्या कामाची ओढ घटते. मनापासून केलेल्या शाब्दिक कौतुकाने ती वाढते. आणि मुळातच कंटाळवाण्या कामात हे नुकसान दिसत नाही, कारण घटायला तिथे काही नसतंच.

इथे एक सावधगिरी. ‘म्हणजे पैसे महत्त्वाचे नाहीत’ असा अर्थ कृपया काढू नका. लखानी आणि वुल्फ यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात २८७ ओपन सोर्स प्रकल्पांमधले ६८४ डेव्हलपर होते. त्यांच्यात सगळ्यात प्रबळ ठरला तो काम करतानाचा आनंद. पण त्यातल्या जवळपास ४० टक्के लोकांना त्या कामाचे पैसेही मिळत होते. पैसा आणि आनंद एका घरात नांदू शकतात. भांडण होतं ते पैसा नियंत्रणासारखा वापरला तर. घरभाडं, शिक्षणाचं कर्ज आणि आईवडिलांचं औषधपाणी यांच्या मध्ये उभ्या असलेल्या डेव्हलपरला ‘पगार हा प्रेरक घटक नाही’ असं सांगणारा प्रबंध लिहू नका.

आकडा हटवला तेव्हा

माझा सगळ्यात आवडता अभ्यास आता सांगते. गिटहबवर पूर्वी प्रत्येकाच्या प्रोफाइलवर एक आकडा दिसायचा : तुम्ही सलग किती दिवस काम केलंत. मे २०१६ मध्ये गिटहबने तो काढून टाकला. मोल्डन, स्ट्रोमायर आणि वॅक्स यांनी या बदलाआधीच्या आणि नंतरच्या नोंदी तपासल्या. त्यांचा लेख २०२१ चा.

काय दिसलं? लांबलचक मालिका चालवणाऱ्यांनी त्या सोडून दिल्या. शनिवार-रविवारचं काम घटलं. आणि दिवसभरात फक्त एकच नोंद, म्हणजे जणू हजेरी लावण्यापुरती, असे दिवस कमी झाले.

हा नैसर्गिक प्रयोग आहे : बदल संशोधकांनी केला नाही, तो घडला आणि त्यांनी त्याचा उपयोग करून घेतला. कोणालाही ‘तुम्ही प्रेरित आहात का’ असं विचारावं लागलं नाही. आणि कृती म्हणजे प्रेरणा नव्हे हे यात डोळ्यांनी दिसतं. रविवारी रात्री पावणेबाराला एक ओळ बदलणारा माणूस बाहेरून फार मेहनती दिसत होता. आकडा गेला आणि तोही झोपायला गेला. तुमच्या कंपनीत बंद टिकेटांचा तक्ता भिंतीवर लावलेला असेल, तर त्याच्याकडे आता वेगळ्या नजरेने बघाल.

अडकणं आणि पुढे सरकणं

टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी ७ कंपन्यांमधल्या २६ टीमच्या २३८ लोकांकडून कामाच्या रोजनिशा लिहून घेतल्या. जवळपास १२,००० नोंदी जमल्या. २०११ च्या त्यांच्या पुस्तकातला मुख्य निष्कर्ष असा : चांगल्या दिवसांशी सगळ्यात जास्त जोडलेली गोष्ट म्हणजे अर्थपूर्ण कामात थोडं का होईना पुढे सरकणं. त्यांनीच ६६९ मॅनेजर्सना पाच घटक देऊन क्रम लावायला सांगितला, तेव्हा ‘कामात पुढे जायला मदत’ हा घटक शेवटी आला.

आता हे दुसऱ्या बाजूने बघा. ग्राझियोटिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १,३०० हून अधिक डेव्हलपर्सना त्यांच्या दुःखाची कारणं विचारली. सगळ्यात वर आलं ते एखाद्या प्रश्नात अडकून पडणं, आणि त्यानंतर वेळेचा ताण. एका अभ्यासात रोजनिशी, दुसऱ्यात सर्वेक्षण. एकात सुखाची बाजू, दुसऱ्यात दुःखाची. दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात. वेगळ्या पद्धतींनी एकच गोष्ट सापडली की तिच्यावरचा विश्वास वाढतो. म्हणून ‘डेव्हलपर्सना प्रेरित ठेवायचं कसं’ याचं एक फारच साधं उत्तर असं निघू शकतं : त्यांना अडवणाऱ्या गोष्टी शोधा. मंजुरीसाठी चार दिवस थांबणं, अर्धवट आलेली रिक्वायरमेंट, हळू चालणारं टेस्टिंगचं मशीन. प्रेरणेच्या भाषणापेक्षा या दुरुस्त्या स्वस्त पडतात.

माझी प्रश्नावली कशी फसली

हे सगळं अर्धंमुर्धं वाचून मी पहिली प्रायोगिक चाचणी केली. ओळखीच्या एका कंपनीत एचआरमार्फत प्रश्नावली पाठवली. तीस-एक जणांनी भरली. सगळं चार आणि पाच, पाचपैकी! स्वायत्तता छान, मॅनेजर छान, काम अर्थपूर्ण. मी आनंदात होते.

दोन दिवसांनी त्यातल्याच एका मुलीबरोबर गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत होते. ती म्हणाली, “ताई, तो फॉर्म कंपनीच्या मेलवरून आला होता. त्यावर आमचे नंबर दिसत असणार, असंच सगळ्यांना वाटलं. अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे. दोन कोण देणार?”

चूक कंपनीची नव्हती, माझी होती. प्रश्न बरोबर होते, रस्ता चुकीचा होता. मी मोजली होती ती भीती, आणि तिला नाव दिलं होतं प्रेरणा. तो सगळा डेटा मी बाजूला ठेवला. सहा महिने मागे पडले. पण तेच आकडे घेऊन पुढे गेले असते तर ‘इथले डेव्हलपर अत्यंत प्रेरित आहेत’ असं छापून आलं असतं, आणि दादासारखे लोक त्या सरासरीत कायमचे बुडाले असते.

आता तुम्ही काय करायचं

बीचम आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरच्या ९२ अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. त्यांना दिसलं की सगळ्यात जास्त वेळा सांगितला जाणारा प्रेरक म्हणजे ‘खुद्द काम’. पण त्या कामातलं नेमकं काय, यावर फारच थोडं संशोधन. शिवाय करिअरचा टप्पा, संस्कृती, परिसर यांचाही विचार अपुरा. तुमची जागा इथेच आहे. बेंचवर बसलेला फ्रेशर, वापरकर्त्याचं तोंडही न पाहणारी सपोर्ट टीम, क्लायंटच्या वेळेनुसार रात्रपाळी करणारा टेस्टर, बाळंतपणानंतर परत आलेली डेव्हलपर, हे सगळे ‘आयटी कर्मचारी’ या एका शब्दात मावत नाहीत.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी कोऱ्या कागदावर चार प्रश्नांची उत्तरं एकेका वाक्यात लिहा :

१. मी प्रेरणा मोजतोय, समाधान, की कृती?
२. कोणाची? कोणत्या टप्प्यावर, कोणत्या प्रकारच्या कामात?
३. माणूस काय सांगतो यावर मी विसंबून आहे, की तो काय करतो यावर? दोन्ही बघता येईल का?
४. खरं उत्तर दिलं तर देणाऱ्याचं काही नुकसान होऊ शकतं का? ते मी कसं टाळणार?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत प्रश्नावली पाठवू नका. माझ्या दुसऱ्या फेरीत मी कंपनीचा रस्ताच सोडला. लोकांना ऑफिसबाहेर, त्यांच्या सोयीच्या वेळी भेटले, नाव-कंपनी न विचारता, लेखी संमती घेऊन. आकडे कमी जमले, पण दोन आणि तीनही दिसायला लागले.

दादा सध्या एका छोट्या कंपनीत आहे, तालुक्याच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. पगार आधीपेक्षा थोडा कमीच आहे. मागे फोनवर बोलताना मी त्याला विचारलं, घरी आता काय सांगतोस? म्हणाला, “सांगावं लागत नाही. आई त्याच दवाखान्यात जाते, नंबर माझ्याच स्क्रीनवर लागतो तिचा.” एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे, हे तुम्हाला आता माहीत आहे. पण प्रश्न म्हणून ती चांगली आहे : कामाचं महत्त्व डोळ्यांना दिसलं, तर ओढ किती वाढते, आणि किती दिवस टिकते?

तुमची चार वाक्यं लिहून झाली की पाठवा. पुढच्या वेळी त्यातलीच दोन-तीन घेऊन, त्यांवरून प्रश्नावली कशी बांधायची ते पाहू.